गच्चीवरचा एसी आणि कोटेशनचे शेवटचे पान

आमच्या दुकानात हल्ली दोन प्रकारची माणसे येतात. एक कापड घेणारी आणि दुसरी छताकडे पाहणारी. दुसऱ्या प्रकारचे बहुतेक धंदेवाले बांधवच असतात. कुणी पंढरपूरचा, कुणी लातूरचा, कुणी थेट गुलबर्ग्याचा. काउंटरपाशी बसतात, चहा घेतात, मान वर करून हवेच्या जाळ्या मोजतात आणि हळूच विचारतात, “सेठ, वर कितीचा बसवलाय? एकूण खर्च किती आला?”

खर्चाचा आकडा आम्ही कुणापासून लपवत नाही. पण त्या आकड्याआधी एक हकीकत सांगावी लागते आणि ती दर वेळी अर्धवट राहते, कारण तेवढ्यात गिऱ्हाईक येते. म्हणून ती एकदा लिहूनच काढावी असे ठरवले. आम्ही कापडाचे व्यापारी. शिक्षण उर्दू शाळेत, दहावीपर्यंत. यंत्रशास्त्राचा आमचा अभ्यास नाही. इथे जे लिहितो ते पैसे मोजून, थोडे नुकसान सोसून आणि जाणकार मिस्त्रींना दहा-दहा वेळा विचारून शिकलेले आहे.

आमचे दुकान सोलापुरात, विजापूर वेस भागात. पहिल्या मजल्यावर सुमारे दोन हजार चौरस फुटांचे दालन आणि त्याच्या डोक्यावर उघडी गच्ची. सोलापूरचा उन्हाळा वाचकांना सांगायला नको. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि दुपारभर तापलेली स्लॅब रात्री दहा वाजेपर्यंत खाली आच सोडत राहते. पूर्वी आम्ही मोठे कूलर लावत होतो. कोरड्या हवेत कूलर चांगले काम करतो, वीजही कमी खातो, त्याची निंदा आम्ही करणार नाही. परंतु कूलर गारव्याबरोबर ओलही आत आणतो. खळ दिलेले कापड ओल धरते, मऊ पडते, तळाच्या ताग्यांना कुबट वास लागतो. आणि जून लागला की बाहेरचीच हवा दमट होते, मग कूलर नुसता वारा घालतो.

नंतर भिंतीवरचे स्प्लिट एसी लावले. एकेक करत पाच झाले. पाच मशिने, पाच नळ्या, पाच रिमोट, आणि दर उन्हाळ्यात त्यांतले एखादे तरी गॅस गळून बंद. शेवटी २०२३ च्या दिवाळीनंतर आम्हा भावांची बैठक झाली आणि गच्चीवर एकच मोठे पॅकेज युनिट बसवायचे ठरले. पुढच्या वर्षी रमजान मार्चमध्ये येत होता. त्याआधी काम पुरे करायचे, एवढीच आमची अट होती.

पॅकेज म्हणजे काय, हे आधी सांगतो. स्प्लिटमध्ये अर्धे यंत्र आत आणि अर्धे बाहेर असते, मध्ये तांब्याच्या नळ्या जागेवर जोडाव्या लागतात. पॅकेज युनिटमध्ये कॉम्प्रेसर, गरम कॉइल, थंड कॉइल, पंखा सगळे एका पेटीत कारखान्यातच जोडलेले असते, गॅसही तिथेच भरलेला. जागेवर फक्त तीन गोष्टी जोडायच्या: वीज, हवेची डक्ट आणि पाण्याचा निचरा. जागेवर गॅसच्या नळ्यांची जोडणीच नाही म्हणून गळतीचे भय कमी. दुरुस्तीही गच्चीवरच होते, दालनात शिडी लावावी लागत नाही. मात्र ज्यांच्या दुकानावर दुसऱ्याचे दोन मजले आहेत त्यांनी या भानगडीत पडू नये. हे यंत्र छताखालच्याच मजल्याचे आहे.

जाता जाता एक गंमत. ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्द आपल्या धंद्याचीच देन आहे. १९०६ साली अमेरिकेतील स्टुअर्ट क्रेमर नावाच्या इंजिनिअराने कापड गिरण्यांतली हवा नीट ठेवण्याच्या कामासाठी तो प्रथम वापरला. गिरणीत सूत तुटू नये म्हणून हवेत ओल घालावी लागे, आणि दुकानात कापड खराब होऊ नये म्हणून आम्ही ती काढतो आहोत.

टनाचा हिशेब

टन हे यंत्राचे वजन नव्हे, हे आम्हांलाही पन्नाशीला आल्यावर समजले. बर्फाच्या जमान्यातला हा शब्द. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेईल तेवढे काम म्हणजे एक टन. विजेच्या भाषेत साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढणे.

पहिला ठेकेदार आला, त्याने टेपसुद्धा काढली नाही. दालनाला एक फेरी मारली आणि म्हणाला, “शंभर फुटाला एक टन, म्हणजे वीस. तुम्ही बावीसचे घ्या, बिनघोर राहा.” कापड मोजताना आम्ही इंचाचाही फरक सोडत नाही. इथे मात्र लाखोंच्या यंत्राला कुणी गज लावत नव्हता. तेव्हा फी देऊन एका स्वतंत्र इंजिनिअराकडून मोजणी करून घेतली. दोन दिवसांचे काम. ती फी आमच्या सबंध खर्चातली सर्वांत कमी आणि सर्वांत लाभाची रक्कम ठरली.

त्याने दिवे मोजले. आमच्याकडे जुने हॅलोजन साठ, प्रत्येकी ५० वॅटचे, म्हणजे तीन किलोवॅट. कापडाला झळाळी यावी म्हणून लावलेले. ते तीन किलोवॅट म्हणजे जवळजवळ एक टन एसी फक्त दिव्यांची उष्णता काढण्यात खर्च होणार. एलईडी लावले आणि तो भार पाचव्या हिश्श्यावर आला. त्याने माणसे मोजली. पंचवीस-तीस माणसांमागे एक टन धरा म्हणाला. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत रात्री आमच्याकडे शंभर माणसे एका वेळी असतात, हे ऐकून त्याने कागदावर वेगळा हिशेब मांडला. आणि सर्वांत मोठा मामला निघाला स्लॅबचा. उघडी, तापलेली स्लॅब एकटीच साडेचार टन खात होती. तिच्या खालून इन्सुलेशन आणि वरून पांढरी चिनी मोझॅक केली तर त्यातले तीन टनांहून अधिक वाचतात, असे त्याने दाखवले.

शेवटी आकडा आला साडेसोळा टन. बावीस नव्हे. वाचलेल्या पैशांत इन्सुलेशन आणि दिवे दोन्ही झाले. काही बांधव म्हणतात, मोठे असले तर बिघडले कुठे? बिघडते. गरजेपेक्षा मोठे यंत्र दालन झटकन गार करून थांबते, पुन्हा चालते, पुन्हा थांबते. थंडावा येतो पण हवेतली ओल काढायला त्याला पुरेसा वेळ मिळत नाही. पावसाळ्यात अशा दुकानात गार पण चिकट वाटते, आणि ते कापडाला सोसत नाही.

एकच मोठे यंत्र घ्यावे की दोन लहान, यावर घरात वाद झाला. आम्ही एकच घेतले, पण दोन कॉम्प्रेसर आणि दोन वेगळ्या गॅस-सर्किटांचे. एक बंद पडले तरी निम्मे काम चालते. सणाच्या दिवसांत निम्मे काम म्हणजे पुष्कळ झाले.

शेवटचे पान

तीन कोटेशने आली. तिन्ही इंग्रजीत, चकचकीत कागदावर. पहिल्या पानावर यंत्राचे चित्र, दुसऱ्यावर किंमत. आम्ही किंमत पाहिली, घासाघीस केली, सर्वांत कमी दराच्या ठेकेदाराला काम दिले. शेवटचे पान वाचले नाही. खरे सांगायचे तर पाहिले, पण त्यातल्या ‘बाय क्लायंट’ या दोन शब्दांचे वजन कळले नाही.

त्या पानावर लिहिले होते की स्लॅबला भोके, लोखंडी बैठक, क्रेन, मुख्य केबल आणि स्विच, अर्थिंग, वीजभाराची मंजुरी, वॉटरप्रूफिंग आणि यंत्राच्या तोंडापासून पुढची निचऱ्याची नळी ही सर्व कामे ‘बाय क्लायंट’. क्लायंट म्हणजे आपण. थोडक्यात, यंत्र आणून ठेवण्याखेरीज जवळजवळ सगळेच आपले. आमचा हिशेब असा आहे की यंत्राला जेवढे पैसे गेले त्याच्या निम्म्याहून जास्त या ‘बाय क्लायंट’ कामांना गेले. ज्याने सर्वांत स्वस्त दर दिला त्याचे हे पान सर्वांत लांब होते.

कर २०२४ मध्ये आम्ही २८ टक्के भरला. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी १८ टक्के झाला आहे, ही नंतर येणाऱ्यांसाठी चांगली गोष्ट. त्याचे क्रेडिट मिळते की नाही हे यंत्र इमारतीचा भाग धरले जाते का यावर ठरते. ते आपापल्या सीएला आधी विचारावे.

जुने यंत्र स्वस्तात देणारेही भेटले. एका बंद पडलेल्या मॉलचे, आर-22 गॅसचे. आम्ही नाही म्हटले. त्या गॅसवर चालणारी नवी यंत्रे बनवणे २०२४ अखेर आपल्या देशात थांबले आहे आणि गॅसचा पुरवठाही वर्षागणिक कमी होत जाणार. आमचे यंत्र आर-410ए चे आहे. याचा दाब आर-22 पेक्षा खूप जास्त असतो, म्हणून जुन्या गेजचा मिस्त्री याला हात लावू देऊ नये.

गच्चीवर

यंत्राचे वजन साडेसातशे किलोच्या आसपास. गच्चीची स्लॅब माणसांच्या वावरासाठी साधारण चौरस मीटरला दीडशे किलो भार धरून बांधतात. यंत्राच्या चार पायांखाली तो हिशेब टिकत नाही. म्हणून स्लॅबवर थेट न ठेवता खांबावरून खांबावर लोखंडी गर्डर टाकून त्यांवर बैठक केली, जेणेकरून वजन खांबांतून खाली जावे. खाली रबराचे पॅड, थरथर खाली उतरू नये म्हणून. डक्ट आणि यंत्र यांच्यामध्ये कॅनव्हासचा मऊ जोड असतो. सबंध यंत्रात आमच्या ओळखीची तेवढीच एक वस्तू होती, तिचा पोत हाताने चाचपून पाहिला. माल बरा होता.

स्लॅबला दोन भोके पाडायची होती. एक थंड हवा खाली जाण्याला, एक परतीच्या हवेला. जागा इंजिनिअराने खडूने आखून दिली, बीम सोडून. घणाने फोडू दिले नाही, यंत्राच्या करवतीने कापली, कारण घणाच्या हादऱ्याने भोवतालची स्लॅब तडकते. भोकाभोवती वीतभर उंच कठडा बांधला.

आता गच्चीवरचा कोबा. ज्यांच्याकडे विटांच्या तुकड्यांचा कोबा आहे त्यांनी ध्यानात ठेवावे की कोब्याला कुठेही छेद दिला की पाणी कोब्याखालून वाट काढते आणि भलतीकडेच टपकते. आमच्या गवंड्याने हे ओळखून कठड्याभोवती चांगली दीड फूट पट्टी उखडून नव्याने केली. हा गवंडी आमच्या वडिलांच्या वेळेपासूनचा. त्याचा उल्लेख पुढे येणार आहे.

यंत्र चढवायला हायड्रा क्रेन लागली. आमच्या बोळात दिवसा हातगाडी वळत नाही, म्हणून रात्री दोन वाजता काम काढले. शेजाऱ्यांना आधी जाऊन सांगितले, डोक्यावरच्या तारांची वीज बंद करण्याची व्यवस्था आधी केली. चारही कड्यांना सारखा ताण देऊन यंत्र उभेच्या उभे उचलले, तिरपे होऊ दिले नाही. वीस मिनिटांत वर गेले. त्या वीस मिनिटांसाठी आठ दिवस धावपळ केली होती.

यंत्राभोवती चारही बाजूंनी चार-चार फूट जागा मोकळी ठेवली. काही लोक उन्हापावसापासून जपावे म्हणून यंत्रावर पत्र्याची शेड घालतात. ते यंत्र उघड्यावर राहण्यासाठीच बनवलेले आहे. शेड घातली की त्याने बाहेर फेकलेली गरम हवा पत्र्याखाली अडकते आणि तेच पुन्हा ओढते. बिल वाढते, थंडावा घटतो.

विजेचे थोडे

यंत्रमागवाल्या बांधवांना थ्री फेज नवे नाही. मोटारीच्या दोन तारा उलट जोडल्या की माग उलटा फिरतो, हे आपल्याकडे पोरालाही ठाऊक. इथे कॉम्प्रेसरच्या बाबतीत तसेच आहे, फक्त उलटे फिरणे डोळ्यांना दिसत नाही. आवाज खरखरीत येतो, हवा गार होत नाही, आणि तसाच चालू ठेवला तर कॉम्प्रेसर जातो. म्हणून फेज क्रम पाहणारा रिले हवाच. गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर काम झाले की कधी कधी फेज बदलून येतात. तीन फेजमधल्या व्होल्टेजचा फरक दोन टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर यंत्र सुरू करण्याआधी तो निस्तरावा.

आमचा मंजूर भार पूर्वी फारच कमी होता. हे यंत्र भर उन्हात बावीस-तेवीस किलोवॅट ओढते, म्हणून महावितरणकडे भारवाढीचा अर्ज करावा लागला. त्यासाठी परवानाधारक वायरमनचा टेस्ट रिपोर्ट लागतो. मंजूर भार २० किलोवॅटच्या वर गेला की दराची पायरी बदलते आणि मागणी आकार लागतो. त्याचा हिशेब महिन्याच्या खर्चात आधीच धरावा. अर्ज यंत्राच्या ऑर्डरच्या आधी टाकावा, नंतर नव्हे.

आणखी एक सवय आम्हांला मोडावी लागली. रात्री शटर ओढताना मेन स्विच पाडायचा, ही आगीच्या भीतीने लागलेली जुनी शिस्त. पण कॉम्प्रेसरच्या तळाशी एक छोटा हीटर असतो. यंत्र बंद असताना तो तेल ऊबदार ठेवतो, नाहीतर गॅस तेलात मुरतो आणि सकाळी सुरू करताना कॉम्प्रेसरला धक्का बसतो. पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी तर चोवीस तास वीज देऊन ठेवावी लागते. म्हणून गच्चीच्या यंत्राचा मेन वेगळा केला. दुकानाचा रोज पाडतो, वरचा पाडत नाही.

रमजान आणि मग जून

फेब्रुवारी अखेरीस यंत्र सुरू झाले. ठेकेदाराने जाळीखाली हात धरायला लावला, “बघा सेठ, बर्फ!” आम्ही खूश होऊन शेवटचा धनादेश दिला. आकडे कुठेच लिहिले नव्हते. पुढे कळले की थंडावा जास्त दिसावा म्हणून त्याने ताज्या हवेची झडप पूर्ण बंद ठेवली होती. नव्या कापडाच्या फिनिशिंगचा वास दालनात साठून नोकरांचे डोळे चुरचुरू लागले, तेव्हा आम्ही ती थोडी उघडून घेतली.

काचेच्या दाराबद्दल भाईजान नाराज होते. आमचे दुकान चाळीस वर्षे उघड्या तोंडाचे, बंद दार पाहून साधे गिऱ्हाईक बिचकते, असे त्यांचे म्हणणे. दार बसवले, एक पोरगा उघडायला उभा केला. त्या रमजानमध्ये, मार्च-एप्रिल २०२४ मध्ये, रात्री साडेबारालासुद्धा बाया-माणसे निवांत बसून कापड निवडत होती. ईदनंतर भाईजान दाराविषयी काही बोलले नाहीत.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला मोठा पाऊस झाला. सकाळी शटर उघडले तर परतीच्या जाळीखाली ठेवलेल्या पांढऱ्या लठ्ठ्याच्या अकरा ताग्यांवर पाणी. जाळीच्या लोखंडी कडेचा गंज घेऊन उतरलेले, तांबूस डागांसकट. पांढऱ्या मालावर असा डाग म्हणजे तो माल गेला.

सर्वांनी वर पाहिले. भोक तिथेच, कठडा तिथेच, रात्री पाऊस झालेला. गवंड्याला बोलावले. तो गच्चीवर गेला, कठडा पाहिला, खाली येऊन जाळीला हात लावला आणि म्हणाला, “हे माझे पाणी नाही.” आमचे डोके फिरले होते. नको ते बोललो. त्याची राहिलेली रक्कम अडवली. तो काही न बोलता दोन माणसे घेऊन आला, स्वतःच्या सिमेंटने पट्टी पुन्हा उखडून केली. चार दिवसांनी पुन्हा पाणी. मग आम्ही दुसरा माणूस आणून डांबराची चादर लावली, त्याचे पैसे वेगळे. तरी पाणी.

ठेकेदाराला फोन केला. त्याने कोटेशनचे शेवटचे पान वाचून दाखवले, वॉटरप्रूफिंग बाय क्लायंट.

जून अखेरीस पावसाने ओढ दिली. पाच-सहा दिवस आभाळ कोरडे. एका रात्री भाईजान हिशेब लिहीत मागे थांबले होते. एसी बंद करून पंधरा मिनिटे झाली असतील, जाळीतून टप-टप सुरू झाले. त्यांनी आम्हांला घरून बोलावले. “पाऊस नाही, मग हे कुठले पाणी?”

दुसऱ्या दिवशी एक वयस्क मिस्त्री आणला. तरुणपणी बर्फाच्या कारखान्यात उमेदवारी केलेला. त्याने यंत्र सुरू करायला लावले, गच्चीवर निचऱ्याच्या नळीच्या उघड्या तोंडापाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, “सेठ, एक सुताचा धागा द्या.” खिशातल्या नमुन्याच्या तुकड्याचा धागा उसवून दिला. त्याने तो नळीच्या तोंडाशी धरला. धागा सर्रकन आत ओढला गेला.

“पाण्याने बाहेर यायचे,” मिस्त्री म्हणाला, “आणि इथे हवा आत चाललीय. पाणी उतरणार कुठून?”

मग त्याने समजावले. या यंत्रात पंखा थंड कॉइलच्या पुढे असतो आणि कॉइलमधून हवा ओढून घेतो. त्यामुळे कॉइलखालच्या तसराळ्यात बाहेरच्यापेक्षा दाब कमी असतो. निचऱ्याची नळी सरळ असेल तर बाहेरची हवा तिच्यातून आत घुसते आणि पाणी तसराळ्यातच अडवून धरते. पातळी चढत जाते. पंखा थांबला की अडलेले पाणी एकदम सुटते, थोडे नळीने जाते, उरलेले कडेवरून परतीच्या डक्टमध्ये. उपाय म्हणजे नळीला इंग्रजी यू अक्षरासारखा बाक, ज्यात पाणी उभे राहून हवेला अडवते, जसा मोरीच्या पाइपला असतो. पंख्याची ओढ जितकी, त्याहून त्या बाकाची खोली जास्त हवी. आमच्याकडे त्याने चार इंच ठेवली. पीव्हीसीचे चार तुकडे, दोन तासांचे काम.

मार्चमध्ये हे का दिसले नाही? कारण सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात कॉइलवर पाणी फारसे धरतच नाही. ते दमट हवेत धरते. पाऊस आणि गळती बरोबर आली, म्हणून आम्ही दोष पावसाला दिला, आणि पावसाचा दोष गवंड्याला.

आणि तो बाक राहिला कसा? ठेकेदाराच्या माणसांनी यंत्राच्या तोंडापर्यंत काम केले, पुढचे ‘बाय क्लायंट’. आम्ही प्लंबर बोलावला. त्याने नळी सरळ जोडून पाणी मोरीकडे नेले, त्याला बाकाचे कुणी सांगितलेच नाही. दोघांचेही काम कागदावर पुरे. दोन कारागिरांच्या मध्ये जी वीतभर जागा होती, तिथे कुणीच उभे नव्हते. तिथे उभे राहणे आमचे काम होते.

गवंड्याच्या घरी आम्ही आणि भाईजान दोघे गेलो. अडवलेली रक्कम आणि दुसऱ्यांदा केलेल्या कामाची मजुरी पाकिटात घालून नेली. त्याने रक्कम घेतली, दुसऱ्या कामाचे फक्त सिमेंटचे पैसे घेतले, मजुरी परत केली. चहा पिताना म्हणाला, “सेठ, कोब्यातून उतरलेले पाणी मातकट असते आणि कोमट असते. तुमच्या जाळीचे पाणी निवळ होते आणि बर्फागत गार. मी हात लावून पाहिला होता.” त्याने त्या दिवशीच सांगितले असते. आम्ही विचारले नव्हते.

आता काय करतो

नव्याने बसवणाऱ्यांना आम्ही एवढेच सांगतो की ‘बाय क्लायंट’ची प्रत्येक ओळ घेऊन तिच्यापुढे एका माणसाचे नाव लिहा. यंत्र येण्याआधी ठेकेदार, गवंडी, प्लंबर, वायरमन, फॅब्रिकेटर या सर्वांना एकदा गच्चीवर एकत्र उभे करा, चहा पाजा, आणि एकाचे काम कुठे संपते, दुसऱ्याचे कुठे सुरू होते, ते खडूने आखून घ्या. शेवटचा दहावा हिस्सा रक्कम हातात ठेवा आणि आकडे लिहून घेतल्याशिवाय देऊ नका. तिन्ही फेजचे व्होल्टेज, तिन्हींचा अँपिअर, परतीच्या आणि जाणाऱ्या हवेचे तापमान. या दोन तापमानांत साधारण आठ ते अकरा अंशांचा फरक असावा. आमच्याकडे परतीची २६ आणि जाणारी १५ असते. जमले तर एकदा पावसाळा पाहूनच पूर्ण पैसे द्यावेत. ठेकेदार कबूल होत नाहीत, पण मागून पाहावे.

कापड दुकानाची एक खास अडचण म्हणजे लव. तागा फाडला की हवेत तंतू उडतात आणि ते थेट फिल्टरवर जाऊन बसतात. आमच्या कापणीच्या टेबलावरच परतीची जाळी आली होती. टेबल दुसऱ्या कोपऱ्यात हलवले. फिल्टर दर शुक्रवारी सकाळी निघतात, धुतले जातात, वाळून परत बसतात. एकदा पंधरा दिवस राहिले तर कॉइलवर बर्फ धरला होता.

गच्चीच्या दाराला एक वही टांगली आहे. तिच्यात दर महिन्याला आकडे लिहितो. उन्हाळ्यात त्या यू-बाकातले पाणी सुकून जाते आणि सुकलेला बाक असून नसल्यासारखा. म्हणून मृग निघण्याच्या आधी एक दिवस वर जाऊन नळी साफ करायची आणि त्यात लोटाभर पाणी ओतायचे, असे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे. २०२५ च्या जूनमध्ये ते काम भाईजाननी स्वतः केले. पांढरा लठ्ठा आता पुन्हा त्याच जाळीखाली ठेवतो.